त्याला सांग, भात घ्यायला

पत्र आलंय सांगली जिल्ह्यातून, थोडं छोटं करून देतेय.

"ताई, मी ३१ वर्षांची. एकत्र कुटुंब आहे आमचं. थोरले दीर, आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो, शाळेत सहावी-सातवीला गणित शिकवतात. त्यांचा मुलगा दहा वर्षांचा आहे. शिष्यवृत्ती परीक्षेचा निकाल लागला, त्याचा नंबर आला नाही, आणि त्या दिवसापासून दादा त्याच्याशी बोलत नाहीयेत. आज २३ दिवस झाले. मारत नाहीत, शिव्या नाहीत, आजवर त्याला बोटही लावलेलं नाही. पण जेवायला समोरासमोर बसले की जाऊबाईंना म्हणतात, 'त्याला सांग, भात घ्यायला.' संध्याकाळी गाडीचा आवाज आला की पोरगं पळत जाऊन पाण्याचा ग्लास भरून टेबलावर ठेवतं. दादा तो ग्लास तसाच ठेवतात, उठून स्वयंपाकघरात जातात आणि स्वतः पाणी घेऊन पितात. रोज. परवा माझी चार वर्षांची मुलगी बाहुलीला सांगत होती, 'तुझा नंबर नाही आला, तुझ्याशी बोलायचं नाही.' नवरा म्हणतो दादांच्या मध्ये आपण पडायचं नाही. सासूबाई म्हणतात, आमच्या ह्यांनी दादाशी नववीत असताना वर्षभर अबोला धरला होता, तरी शिकलाच ना, मास्तर झाला. ह्याला छळ म्हणायचं का ताई? का मीच बाहेरून येऊन घर फोडतेय?"

अगं, ताई म्हटलंयस म्हणून एकेरीतच लिहिते. मुलाचं नाव इथे देत नाही, आपण त्याला सोन्या म्हणू.

खरं सांगू का, वाचताना मी वाट बघत होते की आता मार येईल, पट्टा येईल, कारण अशी पत्रं बहुतेक तिकडेच जातात. तो आला नाही, आणि मग मी परत त्या ग्लासपाशी आले. तुझ्या प्रश्नाचं उत्तर हो आहे. हा छळच आहे. घरात हा शब्द वापरू नकोस, त्याने काही होणार नाही, उलट सगळे शब्दावर भांडत बसतील आणि सोन्या बाजूलाच राहील. पण स्वतःशी मात्र नीट म्हण, म्हणजे उद्या कोणी म्हणालं की 'तू फारच मनाला लावून घेतेस', तर पाय घसरणार नाही.

आपल्याकडे अबोल्याला कोणी वाईट समजतच नाही, हीच मोठी पंचाईत आहे. नवराबायकोचा अबोला म्हणजे लाडाचं भांडण, त्यावर गाणी होतात. बापाचा अबोला म्हणजे शिस्त, घराण्याचा रुबाब. 'आमचे अण्णा हात नाही उगारायचे हो, नुसते बोलायचे बंद व्हायचे', हे किती लोकांकडून कौतुकाने ऐकलंय मी. पण नवराबायको दोघं मोठी असतात ना, बायकोला माहेर असतं, मैत्रीण असते, तीही उलट चार दिवस बोलणार नाही, सामना तरी बरोबरीचा होतो. दहा वर्षांचं पोर कुठे जाणार? त्याला उलट अबोला धरता येत नाही, धरला तर तो उद्धटपणा. आणि त्याला हे माहीत नाही की हे कधी संपणार. शिक्षा असेल तर ती सांगता येते, एक महिना टीव्ही बंद, पंधरा दिवस क्रिकेट नाही, पोरगं रडतं, भिंतीवर दिवस मोजतं, एक दिवस संपतं. ह्यात मोजायला काही नाहीच. काय केलं की संपेल तेही कोणी सांगत नाही. म्हणून तो अंदाज लावतोय, बहुतेक पाणी दिलं की संपेल. उद्या चपला पुसेल. परवा अजून काही.

१९७० च्या दशकात अमेरिकेत एडवर्ड ट्रॉनिक नावाच्या मानसशास्त्रज्ञाने एक प्रयोग केला होता. काही महिन्यांच्या बाळाशी आई छान खेळतेय, बोलतेय, आणि मग तिने एकदम चेहरा निर्विकार करायचा, बाळाकडे बघायचं पण काहीच दाखवायचं नाही. फक्त दोनेक मिनिटं. बाळ आधी हसून बघतं, मग हात पुढे करतं, आवाज काढतं, जे जे केल्यावर आई एरवी हसते ते सगळं करून बघतं, काहीच होत नाही तेव्हा किंचाळतं, रडतं, आणि शेवटी तोंड फिरवून घेतं. मला सोन्याचा ग्लास वाचून हेच आठवलं. तो अजून हात पुढे करण्याच्या पायरीवर आहे. तोंड फिरवून घेईल तेव्हा ग्लास बंद होईल, आणि घरातले म्हणतील बघा, ह्याला बापाची काही किंमतच नाही.

आणि एक गंमत सांगते, गंमत कसली म्हणा. दादा मास्तर आहेत ना? शिक्षण हक्क कायदा, २००९, कलम १७. शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा करायची नाही आणि मानसिक त्रासही द्यायचा नाही, दिला तर शिक्षकावर शिस्तभंगाची कारवाई. म्हणजे दादांनी वर्गातल्या एका मुलाशी २३ दिवस बोलायचं बंद केलं, त्याने वही पुढे केली तर बघायचीच नाही, शेजारच्या पोराला सांगायचं 'त्याला सांग, बाहेर जायला', तर पालक मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये येऊन बसतील आणि दादांनाही ते चूकच वाटेल. वर्गात जे चालत नाही ते घरी चालतं, कारण घरातलं पोर आपलं असतं! घरासाठीही कायदा नाही असं नाही, बाल न्याय कायद्याच्या (२०१५ चा) कलम ७५ मध्ये मूल ज्याच्या ताब्यात आहे त्याने त्याला विनाकारण शारीरिक किंवा मानसिक त्रास होईल असं वागवलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखाचा दंड किंवा दोन्हीची तरतूद आहे, आणि त्यात आईबापही येतात. हे तुला दादांना धमकी द्यायला सांगत नाहीये, ह्या प्रकरणात पोलिसात जा असंही म्हणत नाहीये, फक्त हे तुझ्या डोक्यातलं खूळ नाही एवढं कळावं म्हणून सांगतेय.

आकडा हवा असेल तर तोही आहे. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये एक अहवाल काढला होता, १३ राज्यांत १२ हजारांवर मुलांशी बोलून, महाराष्ट्र आणि गोवाही त्यात होते. दर दोन मुलांतल्या एकाने सांगितलं की आपला भावनिक छळ होतो, आणि करणारे कोण, तर ८३ टक्के वेळा आईबापच. ह्यात काही राक्षस आईबाप नसणार गं सगळे. निम्मी पोरं म्हणजे आपल्याच गल्लीतली घरं. तुमच्या शेजारच्या साताऱ्यातलं आठव ना, २०११ मध्ये जिल्हा परिषदेने समारंभ करून २८५ मुलींची नावं बदलली होती, नकुशी म्हणून ठेवलेली. त्या पोरींना घरी कोणी मारत होतं की नाही कोण जाणे, पण रोज जेवायला हाक मारताना 'नको असलेली, ये' असंच म्हणत होते की. सोन्याचं तर उलटं झालंय, त्याला हाकच नाही.

बरं आता दादांबद्दल. तू पत्रात त्यांच्याबद्दल एक ओळ लिहिलीस आणि पुढे गेलीस, मी तिथेच थांबलेय. वर्षभर अबोला, नववीत. म्हणजे तेव्हा ते चौदा वर्षांचे असतील. सासूबाई म्हणतात तरी शिकला. शिकले ना, गणित शिकले आणि हेही शिकले. मला वाटतं सोन्याचा नंबर गेला त्या दिवशी दादांना राग आला असेल त्यापेक्षा भीती जास्त वाटली असेल, आणि घाबरल्यावर बापाने काय करायचं असतं हे त्यांनी एकच बघितलंय. हे मी त्यांची बाजू घेऊन नाही सांगत. बापाचं बालपण वाईट गेलं म्हणून पोराचे २३ दिवस माफ होत नाहीत. पण आत शिरायला दार कुठे आहे ते ह्यावरून कळतं, आणि दार तुझ्या नवऱ्याकडे आहे.

तू स्वतः दादांशी बोलायला जाऊ नकोस. धाकट्या सुनेने थोरल्या दिराला 'तुम्ही चुकताय' म्हटलं की विषय सोन्याचा राहतच नाही, तुझ्या जिभेचा होतो. नवऱ्याला सांग, मध्ये पडू नका, समजावू नका, मुलांच्या मानसशास्त्रावर तर एक शब्द बोलू नका, फक्त जे तेव्हा बघितलं ते सांगा. तो त्या वर्षी त्याच घरात होता ना, लहान असेल, पण बघितलं असेलच की काहीतरी. दादा कुठे झोपायचा, जेवायचा का नीट, अण्णा, म्हणजे तुझे सासरे, आले की काय करायचा. शेतावर जाताना, गाडीवर मागे बसून, दोघंच असताना. 'दादा, अण्णा तुझ्याशी बोलत नव्हते ते वर्ष मला आठवतं. परवा सोन्या पाणी घेऊन उभा होता ना, तेव्हा आठवलं.' बस. एवढं बोलून गप्प बसायचं, उत्तराची वाट बघायची नाही. बहुतेक दादा म्हणतील त्याचं काय आता, किंवा विषय बदलतील, चिडतीलसुद्धा. चालेल. गाडीवर मागे बसून बोललं की तोंड बघावं लागत नाही, आपल्या पुरुषांना हे बरं पडतं, मी अनुभवाने सांगते. नवरा नाहीच म्हणाला तर दादांचा एखादा मित्र बघ, शाळेतला सहकारी, ज्याची मुलं मोठी झालीयेत असा. आत्याबाई असतील कोणी तर त्याही चालतील, बहिणीचं ऐकतात.

जाऊबाईंवर चिडू नकोस. 'त्याला सांग' म्हटलं की त्या सांगतात, निरोप्याचं काम करतात, बघवत नाही मान्य, पण त्यांनी नाही म्हटलं तर अबोला त्यांच्यावर येणार हे त्यांना पक्कं माहीत असेल. भाजी निवडताना कधीतरी विचार, 'वहिनी, सोन्या झोपतो का हो नीट?' नवऱ्याबद्दल काही नको, पोराबद्दलच विचार. आई असते ती, रात्री सगळं बघितलेलं असतं तिने, फक्त कोणी विचारलेलं नसतं. आणि जमलं तर पुढच्या वेळी दादा 'त्याला सांग' म्हणाले की त्यांनी फक्त सोन्याकडे बघून म्हणावं, 'घे रे बाळा भात, तूप वाढू का?' निरोप म्हणून नाही, स्वतःचं म्हणून. दादांना विरोध होत नाही आणि पोराला कोणीतरी सरळ विचारल्यासारखं होतं.

आता सोन्या. तुला सगळ्यात जास्त हातात आहे ते हेच. काकू आहेस तू, घरातच आहेस, दिवसातून वीस वेळा तो तुझ्या समोरून जातो.

त्याला परत माफी मागायला लावू नका कोणी. त्याने काही केलेलंच नाहीये, परीक्षा दिलीये. (ती परीक्षा चौथीला घ्यायची की पाचवीला, सातवीला की आठवीला, हे सरकारचंच दोनदा बदलून झालंय, आणि इथे दहा वर्षांच्या पोराने सगळं एका झटक्यात जमवायचं!) 'बाबांचं तुझ्यावर खूप प्रेम आहे, म्हणूनच ते असं करतात' हे वाक्य तर कृपा करून कोणी म्हणू नका. चांगल्या मनाने म्हणतात लोक, पण पोर त्यातून हेच शिकतं की प्रेम असं दिसतं, आणि वीस वर्षांनी कोणाच्यातरी घरात तेच घेऊन जातं. बाबांना नावंही ठेवू नकोस, त्याचे बाबा आहेत, तो मनातून त्यांचीच बाजू घेईल आणि तुझ्यापासून लांब जाईल. जे दिसतंय तेवढंच म्हण. 'बाबा बोलत नाहीयेत ना तुझ्याशी, मला दिसतंय. मला ते बरोबर वाटत नाही. मोठ्या माणसाला राग आला तर तो त्याने सांभाळायचा असतो, ते तुझं काम नाहीये.' एकदा म्हण, रोज नको. पोरांना सगळ्यात जास्त हेच खातं की सगळ्यांना दिसतंय आणि कोणीच काही म्हणत नाहीये, म्हणजे मग मीच तसा असेन.

त्या ग्लासचं पण सांगते. दादा आत निघून गेले आणि ग्लास टेबलावर राहिला की तू तिथे जा आणि म्हण, 'दे रे, मला तहान लागलीये.' आणि पी. बापाची जागा घेता येणार नाही तुला, घ्यायची पण नाहीये, पण रोज संध्याकाळी भरलेला ग्लास तसाच मोरीत ओतायला लागू नये एवढं करता येईल.

शाळेत त्याचे वर्गशिक्षक बरे असतील तर जाऊबाईंना घेऊन भेटून ये, सगळं सांगायची गरज नाही, घरी जरा ताण आहे, लक्ष ठेवा एवढं पुरे. फक्त तो दादांच्याच शाळेत असेल तर नको, स्टाफरूममधून बातमी संध्याकाळच्या आत घरी येईल.

आणि लक्ष ठेव. सकाळी पोटात दुखतं म्हणतो का, अंथरूण ओलं होतं का, नखं खातो का, केस उपटतो का. एक गोष्ट मात्र लोक चुकीची वाचतात, तो एकदम गुणी झाला, हट्ट बंद, आवाज नाही, सांगाल ते लगेच, तर घरात सगळे म्हणतील बघा, सुधारला की नाही, अबोल्याचा गुण आला! मला त्याचीच जास्त काळजी वाटेल. दहा वर्षांचं पोर आइस्क्रीमसाठी सुद्धा हट्ट करत नसेल तर ते घाबरलेलं आहे. आणि तो 'मी नसतो तर बरं झालं असतं' अशा अर्थाचं काहीही बोलला, हसत बोलला तरी, किंवा खाणं तोडलं, स्वतःला काही इजा केली, तर मग घराची इभ्रत, दादा, नवरा, कोणाचाही विचार करायचा नाही. त्याला एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी सिव्हिल हॉस्पिटलला मानसोपचार विभागात न्यायचं. १४४१६ हा टेली-मानसचा नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. १०९८ मुलांसाठीची हेल्पलाइन, तीही फुकट आणि चोवीस तास, तिथे मूल स्वतःही फोन करू शकतं आणि काकूही करू शकते. फोन केला म्हणजे लगेच पोलीस दारात येतात असं नसतं, आधी ऐकून घेतात, नुसता सल्ला हवा असेल तरी चालतं. दोन्ही नंबर आत्ताच मोबाइलमध्ये टाकून ठेव.

'बाहेरून येऊन घर फोडतेय का' असं विचारलंस. अगं, एकत्र कुटुंबात पोरांचं जेवणखाण, आंघोळी, डबे, ताप आला की रात्रभर जागरण, हे सगळं करताना मुलं 'आपली' असतात आणि त्यांच्याबद्दल एक शब्द बोलायची वेळ आली की काकू बाहेरची! हा हिशोब ज्यांनी घातला ते घालोत, तू नको घालूस.

माझंही एक सांगून टाकते, नाहीतर मी कोणी मोठी शहाणी असं वाटेल. माझा मुलगा सात वर्षांचा असताना त्याने माझा नवा मोबाइल बादलीत टाकला आणि मी त्याच्याशी दीड दिवस बोलले नाही. मला वाटलं किती संयम माझा, ओरडले सुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी रात्री तो दारात येऊन विचारतो, 'उद्या माझा डबा कोण भरणार?' खरंच विचारत होता. त्याला वाटलं होतं डबा पण बंद झाला असेल. तेव्हापासून राग आला की सांगून टाकते, मला खूप राग आलाय, आज मला बोलायचं नाही, उद्या सकाळी बोलू, आणि डबा मीच भरणार आहे. बोलायचं नसेल तर नका बोलू, पण परत कधी येणार ते पोराला सांगून जा, एवढाच फरक आहे. नवऱ्याकडून दादांपर्यंत काही पोचलंच तर हे पोचव.

अजून एक, हे विसरशील म्हणून आधीच सांगते. हा अबोला कधीतरी सुटेल. आपल्या घरांत अबोला सुटतो तो बोलून कधीच सुटत नाही. पाहुणे येतात, नाहीतर गणपती येतात, आरतीचं ताट लागतं, आणि 'कापूर दे रे इकडे' एवढ्या एका वाक्यात महिनाभराचं सगळं मिटलं असं धरून चालतात. सगळ्यांना इतकं हायसं वाटतं की कोणी विषय काढत नाही, आणि सोन्या तर आनंदाने कापूर घेऊन पळेल. पळू दे. पण दोन-चार दिवस गेले की त्याला बाजूला घेऊन म्हण, 'तेव्हा बाबा बोलत नव्हते ना, ते दिवस वाईट होते रे. परत तसं झालं तर माझ्याकडे यायचं, मी कामात असले तरी.' नाहीतर त्याला मोठेपणी वाटत राहील की असं काही झालंच नव्हतं, आपणच जास्त मनाला लावून घेतो.

तुझ्या मुलीला बाहुलीवरून रागावू नकोस. जवळ बस आणि विचार, 'बाहुलीला आता काय वाटतंय गं?' ती काय म्हणते ते ऐक, दुरुस्त करू नकोस, आणि मला लिहून कळव. दादांच्या गाडीवरच्या गप्पांचं काय झालं तेही कळव, काहीच झालं नाही तरी.